एक ताल, एक पाऊल

सप्टेंबर महिना लागला, की अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या लहान लहान गावांत शुक्रवारच्या संध्याकाळचे रूप पालटून जाते. सूर्य मावळतीला लागताच दुकानांची दारे बंद होऊ लागतात, रस्त्यांवरील वर्दळ एकाच दिशेने वाहू लागते आणि गावाबाहेरील मैदानावरचे उंच दिवे एकामागून एक प्रकाशमान होतात. आजोबा-आजींपासून कडेवरच्या मुलांपर्यंत सारे गाव तेथे लोटते. निमित्त असते गावच्या माध्यमिक शाळेच्या फुटबॉल सामन्याचे. हा फुटबॉल भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून अगदी निराळा. यात लंबगोल चेंडू हातांत धरून प्रतिपक्षाच्या फळीतून वाट काढीत पुढे घुसावयाचे असते. खेळ मोठा चुरशीचा आणि अंगमेहनतीचा. परंतु मैदानावर जमलेले सर्वच लोक केवळ खेळ पाहण्यासाठी आलेले नसतात. मध्यंतराची शिट्टी वाजते, खेळाडू विश्रांतीसाठी आत जातात आणि त्याच क्षणी ढोलाचा एक गंभीर ठोका सर्वांच्या कानांवर येतो. मैदानाच्या कडेला शेदीडशे मुलामुलींचे पथक एकसारख्या गणवेशात, हातांत चकाकणारी वाद्ये घेऊन उभे असते. पहिले पाऊल उचलले जाते. डाव्या पायांची ती शंभर पावले एकाच वेळी भूमीवर टेकतात आणि प्रेक्षकांमधून आनंदाचा घोष उठतो.

अमेरिकेतील 'हायस्कूल' म्हणजे सामान्यतः नववी ते बारावीची शाळा. चौदा ते अठरा वर्षे वयाची मुले तेथे शिकतात. एखाद्या शाळेत हजार-दीड हजार विद्यार्थी असले, तरी फुटबॉलच्या संघात काही थोड्यांचीच निवड होऊ शकते. उरलेल्या शेकडो मुलांनी काय करावे? त्यांनी केवळ बाकांवर बसून पाहत राहावे काय? शाळा ही ज्याप्रमाणे खेळाडूंची, त्याचप्रमाणे ती इतरांचीही असते. 'ही शाळा माझी आहे आणि मी हिचा आहे' ही भावना ज्या गोष्टीतून सर्वांच्या मनांत रुजते, तिला तेथील लोक शाळेचा उत्साह किंवा शाळेचे चैतन्य असे म्हणतात. मराठीत तिला शालाभिमान म्हणता येईल. हा अभिमान केवळ उपदेशाने निर्माण होत नाही. अनेकांनी मिळून एखादे अवघड काम पार पाडले, म्हणजेच तो निर्माण होतो. संचलन करणारे वाद्यपथक आणि जयघोषाचे नेतृत्व करणारे 'चिअरलीडर' ही त्यासाठी तेथील शाळांनी योजलेली दोन प्रमुख साधने होत.

शाळेतील या वाद्यपथकाचे मूळ सैन्यात आहे. पूर्वी रणांगणावर सैनिकांना हुकूम देण्यासाठी आणि त्यांची पावले एका तालात पडावीत यासाठी ढोल, बासऱ्या व तुताऱ्या वाजविल्या जात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या पलटणींबरोबर वाद्यवृंद असत. युद्ध संपल्यावर पुष्कळ वादक आपापल्या गावी परतले आणि गावोगावी हौशी वाद्यवृंद उदयास आले. या वाद्यसंगीताला सर्वांत मोठी लोकप्रियता मिळवून देणारा पुरुष म्हणजे जॉन फिलिप सूसा. १८८० ते १८९२ पर्यंत तो अमेरिकेच्या नौदलीय सैनिकांच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढून त्याने देशोदेशी प्रवास केला आणि संचलनास योग्य अशा शंभराहून अधिक स्वररचना केल्या. १८९६ मध्ये त्याने रचलेल्या एका संचलनगीताला १९८७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय संचलनगीत म्हणून मान्यता देण्यात आली.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. सैन्यातून परतलेले अनेक वादक चरितार्थासाठी शाळांमधून संगीतशिक्षक झाले. सैन्याकडून येणारी मागणी थांबल्यामुळे वाद्ये तयार करणाऱ्या कारखानदारांनाही नवे गिऱ्हाईक हवे होते. त्यांच्याच साहाय्याने १९२३ साली शिकागो येथे शालेय वाद्यवृंदांची एक मोठी स्पर्धा भरविण्यात आली. अशा रीतीने काहीशा व्यापारी हेतूने सुरू झालेल्या या उपक्रमाला काही थोर शिक्षकांमुळे खरा अर्थ प्राप्त झाला. इंडियाना राज्यातील होबार्ट या लहानशा गावात विल्यम रेव्हेली नावाच्या शिक्षकाने १९२५ मध्ये शाळेचा वाद्यवृंद उभारला. दूरच्या शहरांतील नामांकित शाळांना मागे टाकून त्याच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत विजय संपादन केले. लहान गावातील मुलेही योग्य शिक्षणाने श्रेष्ठ पदाला पोहोचू शकतात, हे यावरून सिद्ध झाले. पुढे १९३५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने आपल्या वाद्यवृंदाची सूत्रे रेव्हेलीच्या हाती दिली.

आरंभी ही पथके सैनिकांप्रमाणे सरळ रांगांत चालत आणि वाजवीत. १९०७ साली इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या पथकाने एक नवीच गोष्ट केली. वादकांनी आपल्या रांगा मोडल्या आणि मैदानावर अशा रीतीने उभे राहिले, की विद्यापीठाच्या नावाचे आद्याक्षर तेथे उमटले. मैदानावरील गवताचा त्या दिवशी जणू कागद झाला आणि वादकांची शाई झाली. १९३६ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाच्या पथकाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. सर्व वादक एका मागोमाग एक वळणे घेत चालले आणि राज्याचे संपूर्ण नाव त्यांनी वळणदार अक्षरांत 'लिहिले'. त्यातील 'आय' या इंग्रजी अक्षरावरचे टिंब होण्याचा मान सूसाफोन वाजविणाऱ्या वादकाला देण्याची प्रथा पुढे पडली. तो पथकातून बाहेर येतो, ऐटीने ठरलेल्या जागी जाऊन उभा राहतो आणि लवून प्रेक्षकांना अभिवादन करतो. एका टिंबासाठी हजारो लोक श्वास रोखून बसतात. विद्यापीठांतील या करामती पाहून माध्यमिक शाळांनीही त्या उचलल्या आणि मध्यंतराचा कार्यक्रम हा शालेय सामन्याचा अविभाज्य भाग झाला.

पथकातील वाद्यांचे तीन वर्ग असतात. आडवी बासरी, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ही एका वर्गातील वाद्ये. ट्रंपेट, ट्रोंबोन व सूसाफोन ही दुसऱ्या वर्गातील पितळी वाद्ये. तिसरा वर्ग चर्मवाद्यांचा व झांजांचा. ताशाप्रमाणे कडकडाट करणारे स्नेअर ड्रम आणि छातीवर आडवे बांधलेले लहानमोठे ढोल हे या पथकाचे हृदय होय, कारण त्यांच्याच ठोक्यांवर सर्वांची पावले पडतात. सूसाफोनची रचना मोठी कौतुकाची आहे. हा खर्जाचे स्वर देणारा प्रचंड कर्णा हातांत धरून चालणे कठीण. म्हणून सूसाच्या सूचनेवरून १८९३ मध्ये त्याची नळी वादकाच्या अंगाभोवती वेटोळे घालील अशी वाकविण्यात आली. त्यामुळे वाद्याचा भार खांद्यावर पडतो आणि त्याचे रुंद तोंड डोक्याच्या वर उमललेल्या फुलासारखे दिसते. या तीन वर्गांखेरीज निशाणे फिरविणारा एक गट असतो. रंगीत निशाणे आणि लाकडी बंदुका उंच फेकून आणि अचूक झेलून तो संगीताला दृश्य रूप देतो.

या पथकाची मैदानावरील आकृत्यांची कवायत पाहताना प्रेक्षकाला ती जादू वाटते. वस्तुतः तिच्यामागे साधे गणित असते. फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांब असते आणि त्यावर दर ५ यार्डांना एक पांढरी रेघ आखलेली असते. ५ यार्ड म्हणजे १८० इंच. हे अंतर वादकाने बरोबर आठ पावलांत तोडावयाचे असते. १८० ला ८ ने भागले असता २२॥ इंच येतात. म्हणजेच पथकातील उंच मुलगा असो वा ठेंगणी मुलगी असो, प्रत्येकाचे पाऊल २२॥ इंचांचेच पडले पाहिजे. पाश्चात्त्य संगीतातील पुष्कळशा रचनांची बांधणी चार-चार मात्रांच्या गटांत असते. त्यामुळे आठ मात्रा संपतात तेव्हा पाऊलही रेघेवर येते आणि संगीत व चाल यांचा मेळ बसतो. प्रत्येक मुलाला आपली जागा कोणत्या रेघेपासून किती पावलांवर आहे याची टिपणे दिलेली असतात. एका कार्यक्रमात अशा अनेक जागा त्याला पाठ कराव्या लागतात. पूर्वी शिक्षक या आकृत्या चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून तयार करीत. आता हे काम संगणकावर होते. परंतु ठिपके कागदावरून मैदानावर उतरवावयाचे, तर त्यासाठी मुलांचे पायच झिजवावे लागतात.

चालण्याचीही एक विशिष्ट पद्धत असते. वादक चालताना उड्या मारीत चालला, तर ओठांवरचे वाद्य हलून स्वर कापरा होईल. यासाठी आधी टाच टेकवून मग पाऊल हळूहळू पुढे चवड्याकडे लोटावयाचे असते. कमरेखालचे शरीर चालत राहते आणि कमरेवरचे शरीर जणू पाण्यावरील नावेप्रमाणे स्थिरपणे सरकते. याउलट काही पथके गुडघा उंच उचलून ठसक्यात पावले टाकतात. फ्लॉरिडा राज्यातील एका कृष्णवर्णीय विद्यापीठाचे 'मार्चिंग १००' हे पथक अशा जोशपूर्ण शैलीसाठी विख्यात आहे. त्याचे प्रमुख विल्यम फॉस्टर यांना विद्यार्थिदशेत, कृष्णवर्णीय वाद्यवृंदचालकाला कोठेही काम मिळणार नाही, असे ऐकावे लागले होते. त्यांनी १९४६ मध्ये हे पथक हाती घेतले आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्याचे नेतृत्व केले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ मध्ये पॅरिस येथे निघालेल्या भव्य मिरवणुकीत अमेरिकेच्या वतीने हेच पथक चालले.

विस्तीर्ण मैदानावर वाजविताना आणखी एक अडचण येते आणि ती निसर्गनियमामुळे येते. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा, दोन वादक परस्परांपासून ६८ मीटर अंतरावर उभे आहेत. एकाचा स्वर दुसऱ्याच्या कानी पोहोचण्यास एक पंचमांश सेकंद लागेल. गतीने चालणाऱ्या संगीतात एका मिनिटात १२० मात्रा असतात, म्हणजे प्रत्येक मात्रेला अर्धा सेकंदच मिळतो. तेव्हा मागच्या वादकाने पुढच्याचा स्वर ऐकून वाजविण्याचे ठरविले, तर तो एक पंचमांश सेकंद मागे पडेल. त्याचा स्वर प्रेक्षकांकडे परत येण्यास तितकाच वेळ पुन्हा लागेल आणि सारे संगीत विस्कटून जाईल. यावर उपाय काय? प्रकाशाचा वेग ध्वनीच्या मानाने इतका प्रचंड आहे, की मैदानावर त्याला लागणारा वेळ शून्यच समजावा. म्हणून पथकाचा नायक उंच चौथऱ्यावर उभा राहून हातांनी ताल दाखवितो आणि सर्वजण कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतात. नायक तरी ताल कोठून घेतो? तो ढोलवादकांच्या पावलांवर दृष्टी ठेवतो. ऐकावयाचेच झाले, तर केवळ आपल्या मागून येणारा स्वर ऐकावा, असाही एक नियम आहे. मागचा स्वर पुढे येऊन पुढच्याच्या स्वरात मिसळला, की दोन्ही मिळून एकाच वेळी प्रेक्षकांपर्यंत जातात. पुढे उभे राहणाऱ्याने मागच्याची दखल घ्यावी, हा संगीतातील नियम व्यवहारातही स्मरणात ठेवण्यासारखा आहे.

या तयारीला आरंभ शाळा उघडण्यापूर्वीच होतो. ऑगस्टच्या कडक उन्हात पथकाचे शिबिर भरते. सकाळी कवायत, दुपारी सावलीत वादन आणि संध्याकाळी दोहोंचा मेळ, असा क्रम असतो. नववीत नव्याने आलेल्या मुलाला तेथे कोणी ओळखत नसते. परंतु त्याच्या वाद्याच्या गटातील वरच्या वर्गाचा विद्यार्थी त्याची जबाबदारी घेतो. गणवेश कसा घालावा, वाद्य कसे पुसावे, चूक झाली तरी चेहऱ्यावर कशी दिसू देऊ नये, हे तो त्याला शिकवितो. शाळेच्या पहिल्या दिवशी हा नवा विद्यार्थी वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा शाळेतील पन्नास-शंभर चेहरे त्याच्या ओळखीचे झालेले असतात. एकलकोंड्या व बुजऱ्या मुलांना या पथकाने किती आधार दिला असेल, याची गणना करणे कठीण आहे. फुटबॉलच्या संघात राखीव खेळाडू बाकावर बसतात. पथकात मात्र ज्याला जागा मिळाली त्याला ती भरावीच लागते, कारण एक मुलगा अनुपस्थित राहिला तर आकृतीत भोक पडते. आपल्यावाचून काही तरी अडते, ही जाणीव लहान वयात मनाला फार उभारी देते.

यासाठी पैसाही पुष्कळ लागतो. मोठी वाद्ये, गणवेश, प्रवास यांचा सर्व खर्च शाळेला झेपत नाही. म्हणून पालकांचे मंडळ पुढे सरसावते. सामन्याच्या वेळी खाद्यपदार्थांची दुकाने मांडणे, घरी केलेले केक विकणे, सुटीच्या दिवशी मुलांनी मोटारी धुऊन पैसे मिळविणे, असे नाना उपाय योजले जातात. कोणाचे वडील वाद्यांची मालमोटार चालवितात, तर कोणाची आई गणवेशाच्या शिलाया घालते. अशा रीतीने शाळेचे पथक हे हळूहळू गावाचे पथक बनते.

वाद्यपथक स्वरांनी जे साधते, ते चिअरलीडर शब्दांनी व अंगविक्षेपांनी साधतात. सामन्यात प्रेक्षक आपापल्या परीने ओरडत असतातच, परंतु त्या गोंगाटाला एक आकार देऊन त्याचा जयघोष करणे हे त्यांचे काम. आश्चर्याची गोष्ट अशी, की आज प्रामुख्याने मुलींचे मानले जाणारे हे काम आरंभी मुलांचेच होते. नोव्हेंबर १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाची कामगिरी मनासारखी होत नव्हती आणि प्रेक्षकांचा उत्साह मावळला होता. तेव्हा जॉनी कॅम्बेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सर्वांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. त्यालाच पहिला चिअरलीडर मानतात. त्याच विद्यापीठात १९२३ मध्ये मुलींनाही या कामी प्रवेश मिळाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले मोठ्या संख्येने सैन्यात गेली आणि त्यांच्या रिकाम्या जागा मुलींनी भरून काढल्या. युद्ध संपल्यावरही त्यांनी त्या सोडल्या नाहीत.

या कामाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड लॉरेन्स हर्किमर याने दिली. १९४८ साली टेक्सासमधील हंट्सव्हिल येथे त्याने पहिले शिबिर घेतले. त्याला ५२ मुली आणि १ मुलगा उपस्थित होते. दुसऱ्याच वर्षी ही संख्या ३५० वर गेली. हातांत धरून हलविण्याच्या रंगीत झिरमिळ्यांच्या गोंड्याचे एकस्वही त्याने १९७१ मध्ये मिळविले. दूर बसलेल्या प्रेक्षकांना हातांच्या हालचाली स्पष्ट दिसाव्यात हा त्या गोंड्यांचा उपयोग. चांगला चिअरलीडर केवळ उड्या मारीत नाही. त्याला खेळाचे नियम ठाऊक असावे लागतात. आपला संघ चढाई करीत आहे की बचाव, हे ओळखून तो घोषणा निवडतो. प्रतिपक्षाचा खेळाडू जखमी होऊन पडला, तर तो तत्काळ घोषणा थांबवितो आणि तो खेळाडू उठून उभा राहिला, की टाळ्या वाजविण्यास प्रेक्षकांना प्रवृत्त करतो. हजारोंच्या समुदायाला ओरडावयास लावणे सोपे आहे. योग्य वेळी त्याला शांत करणे हे खरे नेतृत्व होय.

काळाबरोबर या कलेत कसरतींची भर पडली. एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून मनोरे रचणे, एखाद्या मुलीला उंच फेकून झेलणे, हवेत कोलांट्या घेणे, असे प्रकार रूढ झाले. त्याबरोबर धोकाही वाढला. अमेरिकेत शालेय व महाविद्यालयीन मुलींना खेळताना होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींच्या नोंदी १९८२ पासून ठेवण्यात आल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुखापती या एकाच प्रकारात झाल्याचे पुढे दिसून आले. तथापि पुष्कळ ठिकाणी याची गणना खेळात होत नसल्याने खेळाडूंना मिळणारे प्रशिक्षक, वैद्यकीय साहाय्य व सरावाची सुरक्षित जागा या मुलींच्या वाट्याला येत नसे. तेव्हा याला खेळ म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये केली. कठीण जमिनीवर करावयाच्या काही उंच फेकींवर शालेय नियमांनी बंदीही घातली. इतरांचा उत्साह वाढविणाऱ्यांच्या हाडांची काळजी कोणी वाहावी, हा प्रश्न विचारण्यास समाजाला बराच काळ लागला, असे म्हणावे लागते.

शालाभिमानाविषयीचा याहूनही मूलगामी प्रश्न टेक्सासमधील क्रिस्टल सिटी या गावी उपस्थित झाला. हे गाव पालकाच्या भाजीच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतमजूर व त्यांची मुले बहुतांशी मेक्सिकन वंशाची होती. शाळेतही याच मुलांची संख्या कितीतरी अधिक होती. असे असताना चार चिअरलीडरांपैकी मेक्सिकन वंशाची मुलगी एकच असावयाची, असा अलिखित रिवाज तेथे पडला होता. निवड विद्यार्थी करीत नसत, शिक्षकांनी नेमलेले परीक्षक करीत. १९६९ च्या वसंत ऋतूत दोन जागा रिकाम्या झाल्या. मेक्सिकन वंशाच्या मुलींनी आपले कौशल्य दाखविले, परंतु त्यांच्या वाट्याची एक जागा आधीच भरलेली आहे, या सबबीवर त्यांना डावलण्यात आले. शाळेविषयी ज्यांच्या मनांत प्रेम होते, त्यांनाच शाळेचा जयघोष करण्याचा अधिकार नाकारण्यात आला.

सेव्हेरिटा लारा नावाच्या विद्यार्थिनीने व तिच्या सोबत्यांनी आपल्या मागण्या लिहून अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. त्यांचा उपयोग होत नाही असे दिसताच ९ डिसेंबर १९६९ रोजी विद्यार्थी वर्ग सोडून शांतपणे बाहेर पडले. दिवसेंदिवस त्यांची संख्या वाढत जाऊन हजाराच्या वर गेली. पालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नाताळच्या सुटीत मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून बाहेरगावचे शिक्षक स्वेच्छेने येऊन त्यांना शिकवू लागले. काही विद्यार्थ्यांनी राजधानी वॉशिंग्टनला जाऊन आपले गाऱ्हाणे मांडले. अखेर जानेवारी १९७० मध्ये शाळेच्या मंडळाने त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या. चिअरलीडरांची निवड विद्यार्थ्यांनी करावी ही त्यांतील एक. त्याखेरीज शाळेत स्पॅनिश भाषेला स्थान मिळावे आणि आपल्या लोकांचा इतिहास शिकविला जावा, अशाही मागण्या होत्या. एप्रिलमध्ये झालेल्या निवडणुकीत शाळेच्या मंडळातच मेक्सिकन वंशाच्या लोकांचे बहुमत झाले. पुढे १९९५ मध्ये सेव्हेरिटा लारा हिला त्या गावाचे महापौरपद लाभले. हातांत गोंडे घेऊन मैदानावर उभे राहण्याची गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक. परंतु शाळेचा चेहरा कोणाचा असावा, हा प्रश्न तिच्यात दडलेला होता आणि तो क्षुल्लक नव्हता.

दक्षिणेकडील अनेक राज्यांतही असाच अनुभव आला. पूर्वी गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत. न्यायालयाच्या निर्णयामुळे त्या एक झाल्या, परंतु काही शाळांचे वाद्यपथक यादवी युद्धातील गुलामगिरीच्या पक्षपात्यांचे आवडते गीतच आपले शालागीत म्हणून वाजवीत राहिले. ते ऐकताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मनाला वेदना होत. कित्येक ठिकाणी त्यांनी निषेध केला आणि ती गीते व निशाणे बदलावी लागली. ज्या गीताने निम्मी शाळा उभी राहते आणि निम्म्या शाळेची मान खाली जाते, ते गीत शाळेचे नव्हे, ही गोष्ट लोकांना पटण्यास वेळ लागला.

या उपक्रमांवर आणखीही आक्षेप घेतले जातात. खेळ, बँड आणि जयघोष यांच्या नादात अभ्यास मागे पडतो, असे पुष्कळांचे म्हणणे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. म्हणूनच टेक्सास राज्याने १९८४ मध्ये कायदा केला, की जो विद्यार्थी एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होईल त्याने काही आठवडे अशा कार्यक्रमांत भाग घेऊ नये. खेळाडू, वादक आणि चिअरलीडर या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. एका मुलाच्या गणिताच्या गुणांवर पथकाची आकृती अवलंबून राहू लागल्यामुळे सोबतीच त्याला अभ्यासाला बसवू लागतात, हा या नियमाचा एक अनपेक्षित लाभ होय.

सामना संपतो. पाहुण्या संघाचा विजय झालेला असतो. गुणफलकावरील आकडे सर्वांना स्पष्ट दिसत असतात आणि खेळाडूंच्या माना खाली झुकलेल्या असतात. अशा वेळी पुष्कळ शाळांत एक प्रथा पाळली जाते. खेळाडू मैदान सोडून न जाता आपल्या वाद्यपथकासमोर येऊन उभे राहतात. चिअरलीडर त्यांच्या शेजारी येतात. बाकांवरील विद्यार्थी उठतात. नायक हात वर करतो आणि शाळेचे गीत सुरू होते. विजयाच्या दिवशी जे गीत ज्या लयीत वाजविले जाते, तेच गीत त्याच लयीत पराभवाच्या दिवशीही वाजविले जाते. त्यात एक मात्राही कमी होत नाही. विजयात सर्वच जण सोबत असतात. पराभवात जे सोबत उभे राहतात, त्यांच्यामुळे शाळा ही केवळ इमारत न राहता एक कुटुंब होते. गीत संपते, दिवे एकेक करून मालवतात आणि काळोखात वाद्ये मालमोटारीत चढविणाऱ्या मुलांचे आवाज तेवढे ऐकू येत राहतात. पुढच्या शुक्रवारी त्यांना पुन्हा त्याच रेघेवर, त्याच २२॥ इंचांच्या पावलाने यावयाचे असते.